‘सारखा’ दिसला की उपमा नसते : सहावी ते आठवीच्या मुलांबरोबर कथा वाचताना

‘तो रात्रभर सारखा खोकत होता.’

या वाक्याखाली रेघ मारून समासात ‘उपमा’ लिहिलेली वही सहावी-सातवीच्या जवळपास प्रत्येक वर्गात सापडते. मुलाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यानं शिकवलं तेच केलंय. साम्यवाचक शब्दांची यादी त्याला पाठ आहे : सारखा, जसा, जणू, सम, समान, प्रमाणे, परी, वाणी. यादीतला शब्द दिसला की रेघ मारायची. व्याकरणाच्या पेपरात एक-एक सुटं वाक्य येतं आणि त्यात अलंकार असणार हे आधीच ठरलेलं असतं, तिथं ही युक्ती चालून जाते. कथेत ती तोंडावर आपटते. कथेतल्या शंभरातल्या नव्वद वाक्यांत अलंकार नसतो आणि यादीतले शब्द मात्र भरपूर असतात.

वरच्या वाक्यातला ‘सारखा’ म्हणजे ‘न थांबता’. ‘ठरल्याप्रमाणे ती आली’ आणि ‘नियमाप्रमाणे दंड भरला’ यांतल्या ‘प्रमाणे’चा तुलनेशी संबंध नाही. ‘जशी गाडी थांबली तशी झुंबड उडाली’ यातले ‘जशी-तशी’ वेळ सांगतात. उत्प्रेक्षेच्या यादीतला ‘वाटे’ आठवून ‘वाटेत मित्र भेटला’ला उत्प्रेक्षा ठरवणारी मुलंही असतात, हसू येतं, पण शोधण्याची पद्धत तीच आहे. ‘मुलगी आईसारखीच उंच आहे’ हे जरा अवघड प्रकरण. तुलना खरीच आहे, तरी अलंकार नाही, कारण मुलीला आईशेजारी उभं केलं की ती उंची फूटपट्टीनं मोजता येते. ‘मुलगी शेवग्याच्या शेंगेसारखी उंच वाढली’ म्हटलं की दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी एकत्र येतात आणि मग उपमा होते. हा फरक सहावीच्या मुलांना पटकन कळतो, फक्त कुणी तो मुद्दाम दाखवायला हवा.

म्हणून कथेच्या तासाला क्रम उलटा करावा. आधी वाक्य, मग ते वाक्य तिथं काय काम करतं ते, आणि नाव सगळ्यात शेवटी. नाव चुकलं तर पाच मिनिटांत दुरुस्त होतं. काम कळलं नसेल तर बरोबर नावाचाही उपयोग नाही.

किती आणि कोणत्या

भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच सांगितलेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे ‘कुवलयानंदा’सारख्या ग्रंथांत ही संख्या शंभराच्या वर गेली. सहावीत शिकवताना भरताकडे झुकावं. वर्षभरात चार-पाच युक्त्या पक्क्या झाल्या तरी खूप.

दुसरी अडचण अशी, की आपली अलंकारांची सगळी मांडणी कवितेसाठी झालेली आहे. अलंकार एका वाक्यात किंवा एका ओळीत पुरा होतो. कथेच्या बऱ्याच युक्त्या एका वाक्यात मावतच नाहीत. तिसऱ्या वाक्यात काहीतरी पेरलेलं असतं आणि ते उगवतं अकराव्या वाक्यात. त्याला अलंकारांच्या यादीत नाव नाही. मराठीत ‘पूर्वसूचना’ म्हणतात, वर्गात ‘चाहूल’ हा शब्द जास्त चालतो. इंग्रजीच्या तासाला मुलांनी सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, फोरशॅडोइंग ऐकलेलं असतं, सेमी-इंग्रजीच्या वर्गात तर नक्कीच. त्यांना सरळ सांगून टाकावं : सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती (निर्जीव वस्तू माणसासारखी वागते तेव्हा), फोरशॅडोइंग म्हणजे चाहूल. उत्प्रेक्षेला इंग्रजीत नेमकी खुर्ची नाही, म्हणून ही मुलं तिला उपमेत ढकलतात.

साधारण वाटणी अशी करता येते. सहावीत तुलना (उपमा, उत्प्रेक्षा, रूपक असा भेद न करता), चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती आणि नादशब्द. सातवीत तुलनेचे तीन भाग, उपरोध आणि चाहूल. आठवीत निवेदक, प्रतीक आणि परिस्थितीतला उपरोध, म्हणजे व्हायला हवं त्याच्या नेमकं उलट घडणं. अनुप्रास गद्यात शोधायला लावूच नये. ‘काकांनी काल कपाट काढलं’ला अनुप्रास ठरवून मुलं पान भरतात आणि हाती काही लागत नाही.

तुलनेचे तीन भाग करायला एकच विषय घेऊन तीन वाक्यं फळ्यावर लिहावीत. ‘तिचं अक्षर मोत्यासारखं आहे.’ ‘तिचं अक्षर जणू मोतीच.’ ‘तिचं अक्षर म्हणजे मोती.’ पहिल्यात दोन वस्तू शेजारी-शेजारी आहेत, दुसऱ्यात एक वस्तू दुसरी असल्याची कल्पना केली आहे, तिसऱ्यात दोघी एकच झाल्या आहेत. ‘जणू’ हा शब्द उपमा आणि उत्प्रेक्षा दोन्हींच्या यादीत येतो, म्हणून शब्दावर भरवसा ठेवू नये. या अंतरावर ठेवावा. ‘म्हणजे’चंही तेच. ‘शाळा म्हणजे शिकण्याची जागा’ ही व्याख्या झाली, ‘शाळा म्हणजे कोंडवाडा’ हे रूपक.

बारा वाक्यांची कथा

पहिल्यांदा पाठ्यपुस्तकातला पाठ घेऊ नये. त्याचं गाईड बाजारात असतं आणि उत्तरं आधीच वहीत असतात. शिवाय पाठ लांब असतो. पहिल्या फेरीला शे-सव्वाशे शब्दांची, न वाचलेली कथा लागते आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक हवा. क्रमांक नसला तर अर्धा तास ‘कुठलं वाक्य, सर?’ यातच जातो. ही एक मुद्दाम बेतलेली कथा, हवी तर उतरवून घ्या :

१. आजोबांची जुनी छत्री दाराआड खुंटीला टांगलेली असायची.
२. तिची एक काडी मोडली होती, त्यामुळे उघडली की ती पंख मोडलेल्या वटवाघळासारखी दिसायची.
३. ‘‘आज छत्री घेऊन जा रे,’’ आजी सकाळपासून सारखी म्हणत होती.
४. दिनू नेहमीप्रमाणे ऐकून न ऐकल्यासारखं करत दप्तर उचलून निघाला.
५. आभाळ स्वच्छ होतं. अंगणातल्या मुंग्या मात्र पांढरी अंडी तोंडात धरून रांगेनं भिंत चढत होत्या.
६. शाळेचा रस्ता ओढ्यावरून जायचा.
७. दुपारी ढगांनी डोंगराआडून डोकावून पाहिलं, एकमेकांना खुणावलं आणि मग ते शाळेवर चाल करून आले.
८. शाळा सुटली तेव्हा ओढा म्हणजे दावं तोडलेला बैल झाला होता.
९. पलीकडच्या काठावर आजी उभी होती, डोक्यावर तीच मोडकी छत्री.
१०. ‘‘छत्री घरी ठेवलीस, फार शहाणपणा केलास हो!’’ ती तिकडून ओरडली.
११. पाणी ओसरेपर्यंत दोघांनाही थांबावं लागणार होतं.
१२. मग आजीनं छत्री मिटली आणि तीही भिजत उभी राहिली.

यात फसवी वाक्यंही जाणून ठेवली आहेत. तिसऱ्यातलं ‘सारखी’ आणि चौथ्यातलं ‘नेहमीप्रमाणे’ यादी पाठ असणाऱ्यांसाठी. सहावं चेतनगुणोक्ती शोधणाऱ्यांसाठी. रस्ता कुठं जात नसतो हे खरं, पण मराठीत सगळ्यांचेच रस्ते जातात, घड्याळं चालतात, पाऊस येतो, झोप उडते आणि राग चढतो. ही भाषेची रोजची चाल झाली. ओळखायला एक सोपा प्रश्न पुरतो : घरी जेवताना कुणी हे वाक्य सहज म्हणेल का? ‘हा रस्ता कुठं जातो?’ रोज विचारतात. ‘ढगांनी एकमेकांना खुणावलं’ असं ताटावर बसून कुणी म्हणत नाही. म्हणजे ते वाक्य कुणीतरी मुद्दाम घडवलंय.

वाक्प्रचारांनाही हाच प्रश्न विचारावा. ‘पोटात कावळे ओरडत होते’ला मुलं अतिशयोक्ती म्हणतात, चेतनगुणोक्तीही म्हणतात. कधीकाळी ती असेलही. आता तो वाक्प्रचार आहे आणि कथेत त्याचं काम वेगळं असतं : बोलणारा कोण आहे, कुठल्या घरातला आहे, हे तो सांगतो.

चार तास

तास ३५ ते ४० मिनिटांचा धरलाय आणि वर्ग पन्नासाचा. दोघांत एक कागद, म्हणजे पंचवीस प्रती. ओळींमध्ये भरपूर जागा आणि उजवीकडे चार बोटं समास. झेरॉक्स शक्य नसेल तर ही बारा वाक्यं फळ्यावर मावतात, पण ती तास सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवावीत. वर्गाकडे पाठ करून लिहायला बसलात तर तास गेलाच.

पहिल्या तासाला पेन्सिल खाली. कथा दोनदा मोठ्यानं वाचायची, एकदा शिक्षकानं आणि एकदा मुलांनी वाक्य-वाक्य वाटून. मग ‘काय झालं?’ ते दोन वाक्यांत सांगायला लावायचं. हा टप्पा गाळायचा मोह होतो, कारण कथा सोपी वाटते. पण बाराव्या वाक्यात आजीनं छत्री *मिटली*, हे वर्गातल्या निम्म्या मुलांच्या नजरेतून निसटतं. त्यांच्या डोक्यात आजी छत्री घेऊन दिनूकडे जाते, कारण गोष्टींमध्ये आज्या तसंच करतात. काय घडलं हेच चुकीचं कळलं असेल तर पुढचे तीन तास वाळूवर उभे राहतात.

दुसऱ्या तासाला पेन्सिल हातात, पण अलंकार शोधायचे नाहीत. वाचताना जिथं थबकायला झालं, नवल वाटलं, ‘हे इथं कशाला?’ असं वाटलं, तिथं समासात एक टिंब. जास्तीत जास्त तीन टिंबं. मर्यादा घातली नाही तर बारा वाक्यांना बारा टिंबं पडतात, कारण मुलांना वाटतं जास्त टिंबं म्हणजे जास्त गुण. टिंबं झाली की फळ्यावर वाक्यांच्या क्रमांकांपुढे हात मोजून आकडे लिहायचे. सातवं आणि आठवं वाक्य बहुतेक पुढे असतात. पाचव्याला दोन-चारच मतं पडतात. ती दोन-चार मुलं कोण आहेत ते लक्षात ठेवावं, चौथ्या तासाला त्यांचा उपयोग होतो.

तिसरा तास खऱ्या कामाचा. कागदाच्या मागच्या बाजूला तीन रकाने : ‘वाक्य’, ‘बदललं तर काय जातं’, ‘नाव’. तिसरा रकाना घडी घालून मागे दुमडायचा. गंमत म्हणून नाही. रकाना समोर दिसला की मुलं आधी तोच भरतात.

मधला रकाना भरायची पद्धत म्हणजे अदलाबदल. आठवं वाक्य घ्या. ‘ओढा म्हणजे दावं तोडलेला बैल झाला होता.’ बैलाच्या जागी वाघ ठेवून वाचायला सांगा : ‘ओढा म्हणजे चवताळलेला वाघ झाला होता.’ भीती वाढली, मग हेच चांगलं नाही का? वर्गातून पहिलं उत्तर ‘हो’ असं येतं. आता विचारायचं, दिनूच्या घरी वाघ असतो का? बैल घरचा प्राणी. रोज त्याच्या जवळून जातो, पाठीवर हात फिरवतो. तो सुटला की भीती वेगळी, कारण रोजचा ओळखीचा आज ऐकत नाहीये. दिनूनं सकाळी तो ओढा बिनदिक्कत ओलांडला होता. सहावं साधंसुधं वाक्य तिथं का होतं तेही आता कळतं. ‘तुडुंब भरला होता’ असं लिहिलं असतं तर पाणी किती ते कळलं असतं, ओळखीचा ओढा परका झाला हे कळलं नसतं. ज्या वर्गात कुणी सुटलेला बैल पाहिलेला नाही तिथं अडेल. तिथं गॅलरीतून निसटलेला शेजारचा कुत्रा घेऊन बोलावं आणि मग परत बैलाकडे यावं.

दुसऱ्या वाक्यातल्या वटवाघळाचंही असंच. उपमेय छत्री, उपमान वटवाघूळ, साम्यवाचक शब्द ‘सारखी’ हे मुलं धडाधड सांगतात आणि साधारण धर्म, म्हणजे दोघांत सारखं काय ते, विचारला की शोधत बसतात, कारण तो वाक्यात दिलेलाच नाही. तो त्यांनी काढायचाय : काळा रंग, पंखातल्या हाडांसारख्या काड्या, एका अंगाला लोंबणारं कापड. वर्गात एखादी मोडकी छत्री आणून उघडली तर दोन मिनिटांत काम होतं. जून-जुलैत ती शोधावीही लागत नाही.

चौथ्या तासाला चाहूल आणि शेवट. पाचव्या वाक्यातल्या मुंग्या पुढे कथेत पुन्हा येतात का? नाही. मग जागा अडवून कशाला बसल्यात? मुंग्या अंडी घेऊन वर चढू लागल्या की पाऊस येतो, हा ठोकताळा माहीत असलेल्या मुलांनाच दुसऱ्या तासाला तिथं टिंब द्यावंसं वाटलेलं असतं. त्यांनाच बोलू द्यावं. शिक्षकानं आधी सांगून टाकलं तर चाहूल शोधायची राहतच नाही. इथंच एक गोष्ट स्पष्ट करावी लागते : चाहूल दुसऱ्या वाचनात सापडते. पहिल्या वाचनात ती फक्त टोचते. त्यामुळे ‘पहिल्यांदा वाचून पूर्वसूचना ओळखा’ हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे.

आणि तिसऱ्या वाक्यातला आजीचा आग्रह, तो चाहूल नाही का? वर्गात हा वाद होऊ द्यावा. आजी उघड-उघड इशारा देते आणि दिनू तो ऐकतो, निदान त्याच्या कानावर पडतो. मुंग्यांचं कुणी कुणाला काही सांगत नाही. ते फक्त वाचणाऱ्याला दिसतं. काही मुलं दोन्हींना चाहूल म्हणतील. कारण नीट दिलं असेल तर गुण द्यावेत.

छत्री कशाचं प्रतीक

आठवीत प्रतीक आलं की दिवा म्हणजे ज्ञान, कबूतर म्हणजे शांती, वड म्हणजे आधार अशी तयार यादी बाहेर पडते. निबंधातून आलेली असते ती. या कथेत पहिलं उत्तर ठरलेलं : ‘छत्री हे आजीच्या मायेचं प्रतीक आहे.’ उत्तर इतकं गोड आहे, की पूर्ण गुण देऊन पुढे जावंसं वाटतं. तिथं थांबून बारावं वाक्य पुन्हा वाचायला लावावं. छत्री म्हणजे माया असेल, तर आजीनं छत्री मिटली म्हणजे काय केलं? माया आवरली? वर्ग गप्प होतो. हीच शांतता हवी असते.

मग वस्तूचा माग काढायचा. छत्री कुठल्या वाक्यांत आहे? एक, दोन, तीन, नऊ, दहा आणि बारा. प्रत्येक वेळी ती कुठं आहे, उघडी की मिटलेली, कुणाकडे? खुंटीला, मोडकी, आग्रहानं देऊ केलेली, आजीच्या डोक्यावर, टोमण्यात, आणि शेवटी मिटलेली. नवव्या वाक्यात दोघांमधला फरक काय आहे? एक कोरडा, एक ओला. बाराव्यात तो फरक आजीनं स्वतः पुसला. मग मुलं ‘आसरा’ म्हणतात, ‘सुख’ म्हणतात. एखादं म्हणतं, ‘तिला एकटीला कोरडं राहायचं नव्हतं.’ शेवटच्या उत्तरात प्रतीक हा शब्दही नाही आणि तरी ते सगळ्यात जवळ पोचलंय. प्रतीकाची कसोटी म्हणून एवढंच सांगावं : वस्तू निदान तीनदा यायला हवी, त्यांतली एक वेळ कथेच्या वळणावर हवी, आणि तुम्ही लावलेला अर्थ तिन्ही जागी बसायला हवा. एका जागी बसला नाही तर अर्थ बदला, कथा बदलू नका.

दहाव्या वाक्यातला उपरोध मुलं चटकन पकडतात, कारण ‘काय उजेड पाडलास!’ आणि ‘मोठे दिवे लावलेस!’ हे ती घरी रोज ऐकतात. व्याजस्तुती (वरून स्तुती, आतून निंदा) हे नाव तिथं चिकटवता येतं. मजा दहावं आणि बारावं एकत्र ठेवण्यात आहे : तोंड टोमणा मारतंय आणि हात छत्री मिटतोय. ‘आजीचं दिनूवर प्रेम होतं’ हे वाक्य कथेत कुठंही नाही. मुलांना ते शोधायलाच सांगावं. सापडत नाही, आणि तरी सगळ्यांना ते कळलेलं असतं.

बाराव्या वाक्याला अलंकाराचं नाव द्यायचंच म्हटलं तर स्वभावोक्तीच्या जवळ जाता येतं. तुलना नाही, कल्पना नाही, फक्त हालचाल जशी झाली तशी, पण नेमकी टिपलेली. हा अलंकार परीक्षेच्या दृष्टीनं बिचारा मागे पडतो, कारण त्याला ओळखायला कुठला शब्दच नाही. गद्यासाठी मला तो सगळ्यात कामाचा वाटतो.

मराठीतच असलेल्या काही जागा

इंग्रजी कार्यपत्रिकांचं भाषांतर करून शिकवलं की या जागा सुटतात.

नादशब्द. पाऊस रिमझिम पडतो, भुरभुरतो, धो धो कोसळतो, पिरपिरतो. ‘बाहेर पाऊस ___ पडत होता’ अशी रिकामी जागा देऊन चारही शब्द घालून बघायचे आणि प्रत्येक वेळी विचारायचं, घरातल्या माणसाचा मूड कसा असेल? ‘पिरपिर’ आला की त्या माणसाला वैताग आलेलाच असतो. पाऊस तोच राहतो, सांगणाऱ्याचा मूड बदलतो.

तू-तुम्ही. कथेभर नवऱ्याला ‘अहो’ म्हणणारी बाई एका संवादात ‘तू’ म्हणाली, किंवा मित्राला ‘अरे’ म्हणणारा अचानक ‘आपण’ म्हणू लागला, तर तिथं काहीतरी तुटलंय किंवा जुळलंय. मुलांना हे कानानं आधीच माहीत असतं. आई ‘अहो, या जेवायला साहेब’ म्हणाली की काय समजायचं ते त्यांना शिकवावं लागत नाही. कथेत मात्र ती या बदलावरून सरळ पुढे निघून जातात. संवादांतली संबोधनं तेवढी गोल करायला लावली की बदल डोळ्यांत भरतो.

बोली. पात्र ‘लई’, ‘व्हय’, ‘न्हाई’ म्हणालं की शहरी वर्गात उत्तर येतं, ‘लेखकानं अशुद्ध भाषा वापरली आहे.’ हे तिथंच थांबवावं, कारण त्याच वर्गात घरी तसं बोलणारी मुलं बसलेली असतात. विचारायचं ते असं : पात्र बोलीत बोलतं, पण निवेदक कुठल्या भाषेत सांगतो? निवेदक प्रमाण मराठीत आणि पात्र बोलीत असेल तर सांगणारा थोडा बाहेर उभा आहे. दोघंही बोलीत असतील तर तो त्याच गावचा आहे. निवेदक शिकवायला यापेक्षा चांगली वाट मराठीत नाही. एवढं झालं की ‘लेखक म्हणतो’ खोडून ‘निवेदक म्हणतो’ लिहायला लावणंही सोपं जातं.

उत्तरं तपासताना

पाच गुणांची वाटणी : वाक्य जसंच्या तसं उतरवलं, एक. नाव, एक. काम, तीन. मुलांना ही वाटणी आधी सांगावी, नाहीतर ती सगळा जोर नावावर लावतात.

‘यामुळे कथा सुंदर झाली आहे’, ‘वर्णन प्रभावी वाटते’, ‘वाचकाला आनंद मिळतो’ या उत्तरांना कामाचे शून्य. निर्दय वाटेल, पण ही वाक्यं कुठल्याही कथेच्या कुठल्याही ओळीखाली चालतात, म्हणजे ती या ओळीबद्दल काहीच सांगत नाहीत. फळ्याच्या कोपऱ्यात चार शब्द लिहून त्यांवर फुली मारून ठेवावी : सुंदर, छान, प्रभावी, आकर्षक. ते काढून घेतल्यावर मुलांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं, म्हणून हा साचा : ‘____ असं म्हटल्यामुळे ____ कळतं, नुसतं ____ म्हटलं असतं तर ते कळलं नसतं.’ महिनाभर साच्यात लिहू द्यावं, मग साचा काढून घ्यावा. ठेवला तर त्याचंही गाईड होतं.

नाव चुकलं आणि काम बरोबर असेल तर चार गुण. पालक विचारतात, अलंकार चुकला तरी चार कसे? त्यांना वाघ-बैलाचा रकाना दाखवावा.

कथा कुठून आणायच्या? बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यांत एक-दोन पानांच्या कथा बऱ्याच मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं वाचनपातळीनुसार लावलेली आहेत आणि ती छापून वाटायला परवानगी आहे. तिसरी आणि चौथी पातळी या वयाला जमते. निवडताना कथेत तीन-चार युक्त्या असल्या की पुरे. दहा असलेली कथा सहसा वाईट असते. तात्पर्य छापलेली बोधकथा टाळावी, कारण शेवटची ओळ सगळ्यांचं उत्तर होऊन बसते. आणि कथा आधी स्वतः मोठ्यानं वाचून बघावी; घरी डोळ्यांनी चांगली वाटलेली कथा वर्गात तिसऱ्या मिनिटाला बसते.

आठवीला शेवटी एक उलटं काम द्यावं. आठ वाक्यांची कथा लिहायची, तिच्यात एकच चाहूल लपवायची आणि वही शेजाऱ्याला द्यायची. शेजारी दोनदा वाचतो. पहिल्याच वाचनात त्याला सापडली तर चाहूल फार ओरडतेय, दबकी करा. दुसऱ्यातही सापडली नाही तर ती पेरायचीच राहून गेलीये, किंवा लिहिणाऱ्याच्या डोक्यातच राहिलीये. दुसऱ्या वाचनात ‘अरे, हे इथंच होतं की!’ असं शेजारी म्हणाला, की वह्या बदलायच्या.